आडवी बाटली आणि आमच्या बाई

आमच्या दुकानात बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दोनदा आल्या.

चंद्रपूरला जटपुरा गेटच्या आत अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. दुपारची वेळ, अब्बा मशीनवर वाकलेले, मी बाजूला बसून काजं करत होते. दारात कुणाची तरी सावली पडली तसं अब्बा मान न उचलता म्हणाले, "बैठो बाई, नाप देना क्या?" सावली जरा थांबली आणि मागं फिरली. मी वर पाहिलं तर टीव्हीवरच्या आईसाहेब आमच्या पायऱ्या उतरून चालल्या होत्या. रोज संध्याकाळी अख्ख्या मोहल्ल्याच्या बायका जिचा दरारा बघायला आमच्या घरी जमायच्या, तीच बाई. त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि पुन्हा पायऱ्या चढून आत आल्या. तोवर मी अब्बांना कोपर मारून उभं केलं होतं.

"हं, आता बरोबर," बाई म्हणाल्या. "मघाचं येणं फुकट गेलं."

हा त्यांचा स्वभावच होता. एखादी गोष्ट मनासारखी झाली नाही की त्या ती पुसून पुन्हा करायच्या. भांडणसुद्धा. राजकारणात आल्यावर पक्षाच्या बैठकीत आवाज चढला आणि शब्द चुकीचा गेला की बाई उठून खोलीबाहेर जायच्या, दार लोटून परत आत यायच्या आणि तेच भांडण नव्यानं, जास्त चांगल्या शब्दांत भांडायच्या. समोरच्याचा राग तोवर निवलेला असायचा, त्यामुळे दुसऱ्या खेपेला हमखास त्याच जिंकायच्या. पक्षाचे लोक मागून म्हणायचे की बाईचं डोकं ठिकाणावर नाही. मला मात्र हे फार शहाणपणाचं वाटायचं.

मी त्यांच्याकडे कशी लागले तेही सांगते. त्या दिवशी अब्बा माप घेत होते आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, परवाच्या भागात तुम्ही जिना चढताना ब्लाऊजला हिरवा काठ होता आणि उतरताना नव्हता." अब्बांनी डोळे वटारले. गिऱ्हाइकाची चूक काढायची नाही हा आमच्या दुकानाचा पहिला नियम. बाई मात्र वळून माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"सेटवर एवढी माणसं पगार खातात, त्यांतल्या एकाला हे दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "बी.ए. झालीस? मग घरी बसून काजं काय करतेस? उद्यापासून तू माझी कंटिन्यूइटी."

शूटिंग तुकड्यातुकड्यानं होतं. आजच्या तुकड्यात काय घातलं होतं, काय म्हटलं होतं हे कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं, म्हणजे उद्याचा तुकडा त्याला नीट जुळतो. त्या लक्षात ठेवण्याला कंटिन्यूइटी म्हणतात आणि ठेवणाऱ्यालाही तेच म्हणतात. बाई आता मालिका सोडून राजकारणात आल्या होत्या. मूळच्या इकडच्याच, वडील रेल्वेत होते, शाळा नागभीडला झाली. आमच्या भागातले आमदार वारले होते, पोटनिवडणूक लागणार होती आणि पक्षाला ओळखीचा चेहरा हवा होता. "राजकारणात कंटिन्यूइटी जास्त लागेल," बाई म्हणाल्या, "कारण इथं प्रेक्षक समोर बसलेला असतो."

माझं काम एवढंच: कोणत्या गावात बाई काय नेसल्या होत्या, आणि काय कबूल करून आल्या होत्या, ते डोक्यात ठेवायचं. लिहायचं नाही, कारण कागदावरून वाचणारी माणसं त्यांना आवडत नसत. गाव जवळ आलं की जीपमध्ये त्या डोळे मिटून विचारायच्या, "इथं मागच्या खेपेला काय बोलले?" मी सांगायचे, "हातपंप म्हणालात. रस्त्याचं नाव काढलं नाहीत." मग त्या हातपंपावरच बोलायच्या. बाकी पुढारी एका गावात धरण बांधायचे आणि दुसऱ्या गावात तेच धरण अडवायचे. बाईंना ते जमायचं नाही. नीतीमुळे म्हणाल तर मला तसं वाटत नाही. तुकडे जुळले नाहीत की त्यांना शारीरिक त्रास व्हायचा, काहींना खडूचा आवाज सहन होत नाही तसा.

त्या काही संत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. फोटो डाव्या बाजूनं काढला तर दिवसभर धुसफुसायच्या. मोठ्या माणसांचे फोन आले की "बाई पूजेत आहेत" असं मला सांगायला लावायच्या, आणि तेव्हा त्या पलीकडे बसून चकली खात असायच्या. आमदारकीची त्यांना भूक होती, साधीसुधी नाही. तिकिटाचा पत्ता नव्हता तेव्हाच अब्बांकडून विधानसभेत घालायचे म्हणून पांढरे ब्लाऊज शिवून घेतले होते. अब्बा म्हणाले, "बाई, पहले कुर्सी तो आने दो." त्यावर बाई म्हणाल्या, "कपडे आधी तयार लागतात मास्टर, भूमिका मागून येते."

त्या मालिकेतून बाहेर पडल्या तेव्हा मालिकावाल्यांनी सूड म्हणून आईसाहेबांना जिन्यावरून पाडून मारून टाकलं होतं. ते भाग दाखवून फार दिवस झाले नव्हते. याचा त्रास आम्हाला प्रचारात झाला. नागभीडकडच्या एका गावात जीप थांबली तर पुढं आलेल्या बायका दोन पावलं मागं सरकल्या. ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर सगळ्यांनी आईसाहेबांची तिरडी पाहिली होती. एकीनं तर त्या रात्री चूल पेटवली नव्हती. आता तीच बाई लाल काठाची साडी नेसून दारात उभी, म्हणजे काय समजायचं?

शेवटी एक उंच, काटक बाई पुढं झाली. "तुमी तं मेल्या होत्या ना जी?"

"मेले होते," बाई म्हणाल्या. "काम राहिलं होतं, म्हणून परत आले."

ती बाई हसली नाही. म्हणाली, "मंग बरं झालं. काम लय हाय इथी."

ती मंजुळाबाई. ढीवराची, तळ्यातल्या मासोळीवर आणि मजुरीवर घर चालवणारी. गावाच्या नाक्यावर, शाळेच्या वाटेवर देशी दारूचं दुकान होतं. त्याला सगळे भट्टीच म्हणायचे. मंजुळाबाईनं बायका गोळा करून सह्या-अंगठे दिले होते, की आमच्या गावात मतदान घ्या. कायद्यानं बायकांना तसा हक्क होता. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू द्यायचं असेल तर उभीवर शिक्का, बंद करायचं असेल तर आडवीवर. पण अट अशी, की गावातल्या सगळ्या बाई-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं पाहिजे. जी आली नाही, तिचं मत उभीलाच गेल्यासारखं. आणि एकदा हरलं की पुन्हा लवकर मागता येत नाही.

"माझा मोठा गेला याच्यानं," मंजुळाबाई म्हणाली. "लहाना, रोशन, परवा पयल्यांदा भिंत धरून घरी आला. मले रडू नाई आलं बाई, भेव वाटलं. त्याले वाचवाचं हाय, बस्स. बाकी तुमचा रस्ता नको का पंप नको."

बाई त्या दिवशी भाषणाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मतदानाच्या दिवशी या गावातली एकही बाई मतपेटीपासून लांब राहणार नाही. ही जबाबदारी माझी." मी ते डोक्यात ठेवलं.

बाटलीच्या मतदानाची तारीख निघाली आणि आमची पाचावर धारण बसली. ऐन मिरचीचा हंगाम होता. धान कापून झालं की आमच्याकडच्या बायकांना गावात काम नसतं. ट्रक भरभरून त्या राजुऱ्याच्या पुढं, आंध्रात, मिरची तोडायला जातात आणि महिना-दीड महिना तिथंच वावरात पालं ठोकून राहतात. मजुरी रोख नसते, शेवटी मिरचीच्या वाट्यात मिळते. गावातल्या जवळपास निम्म्या बायका तिकडं होत्या. ही तारीख भट्टीवाल्यानं खटपट करून मिळवली होती, त्याला हा हिशेब पक्का ठाऊक होता. आणि हा भट्टीवाला आमच्याच पक्षाचा, जिल्ह्याचे नेते ज्यांना सगळे भाऊ म्हणत त्यांच्या पंगतीतला. एवढ्यावर भागलं नाही. मुंबईहून पक्षाचे वरिष्ठ उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला चंद्रपूरला येणार होते, तेही नेमके त्याच दिवशी.

भाऊंनी बाईंना विश्रामगृहावर बोलावलं. मी दाराशी उभी होते. भाऊ फार गोड बोलत होते आणि भाऊ गोड बोलायला लागले की पंख्याचासुद्धा आवाज मोठा वाटायचा.

"बाई, तिकीट तुमचंच हाय. मी सांगून ठेवलं हाय वरती. तुमाले फक्त त्या दिवशी इथी हजर राह्याचं हाय, पांढरी साडी नेसून. त्या गावच्या भानगडीत कायले पडता?"

"मी कबूल केलंय, भाऊ."

"कबूल तं आमी बी करतो. रोज करतो."

भाऊ चहा ओतत राहिले. "आपलाच माणूस हाय थो. दुकान गेलं त्याचं, तं निवडणुकीत गाड्या कोण देईन? मी धमकी देऊन राह्यलो असं समजू नका. पण त्या दिवशी तुमी इथी नसल्या, तं मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाई."

बाई उठल्या, खोलीबाहेर आल्या. मला वाटलं आता दार लोटून परत जातील. त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. कपाळावर घाम होता. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मी नेमकं काय म्हटलं होतं?"

मला खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "एकही बाई मतपेटीपासून लांब राहणार नाही. जबाबदारी माझी."

"जबाबदारी माझी, असं म्हटलं?"

"हो."

"जीभ झडो माझी," बाई म्हणाल्या आणि जीपकडे चालू लागल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढं जीप, मागं एका राइस मिलवाल्याकडून मागून आणलेला रिकामा ट्रक. जीपमध्ये बाई, मी आणि मंजुळाबाई. बाईंचा बेत साधा होता: संध्याकाळी बायका ट्रकमध्ये घालायच्या, पहाटे निघायचं, त्यांना गावाकडे धाडून आपण वाटेत चंद्रपूरला उतरायचं आणि मुलाखतीला उभं राहायचं. दोन्ही हातांत लाडू. पांढरी साडी पिशवीत घेतलेली होती.

मिरचीचं वावर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. लांबून लालभडक गालिचा, आणि जवळ गेलं की नाका-घशाला आग. मंजुळाबाईच्या गावच्या बायका ओळीत वाकलेल्या होत्या, तोंडाला फडकी बांधलेली. बाईंना पाहून त्यांनी कल्ला केला. मुकादम मात्र जागचा हलला नाही. राजुऱ्याकडचा माणूस, तेलुगू-मराठी दोन्ही बोलणारा. त्यानं बाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कोण पायजे?"

त्यानं बाईंना ओळखलं नव्हतं. मराठी मालिका त्या मुलखात कोण बघतो? वावराचा मालक तर तेलुगूशिवाय काही बोलत नव्हता. बाईंनी हात जोडले, हसल्या, आवाज खाली आणला, सगळं करून पाहिलं. दोघांवर ढिम्म परिणाम नाही. मला बाईंची कीव आली. किती वर्षांनी त्या अशा ठिकाणी उभ्या होत्या जिथं त्यांच्या चेहऱ्याला काडीची किंमत नव्हती.

"एक दिवसासाठी सोडा यांना," बाई म्हणाल्या. "परवा परत आणून घालते."

"अम्मा, मजूर बाया हंगामात एकदा गावाले गेल्या की परत येत नाहीत," मुकादम म्हणाला. "कोनाचं लेकरू आजारी, कोनाचा नवरा अडवते. मिरची झाडावर सडून जाईन. मालक माझी मान धरीन. जाचं असंन तं जा, पण वाटा भेटणार नाई. कोनालेच नाई."

बायकांचा कल्ला थांबला. वाटा गेला म्हणजे अख्ख्या हंगामाची मेहनत गेली. एकजण हळूच पुन्हा ओळीत जाऊन वाकली. मग दुसरी. मंजुळाबाई ओरडली, "अवो, काऊन चालल्या? ऐका तं!" पण तिच्याही आवाजात जोर नव्हता, कारण तिला ठाऊक होतं की त्यांचं खरं आहे.

मुकादम जरा मवाळ झाला. म्हणाला, "तुमच्यातलं कोनी जामीन राहा इथी. बाया परत येईस्तोवर. तशी रीत हाय आमच्याकडं. मंग मी मालकाले सांगू शकतो."

मंजुळाबाई लगेच म्हणाली, "मी राहतो."

"तू मतदार आहेस," बाई म्हणाल्या.

"मी राहीन," मी म्हटलं.

मुकादमानं माझी ओढणी, माझ्या चपला पाहिल्या आणि मान हलवली. "पोरगी नाई चालत. पळाली तं कोनाले इचारू? मोठं माणूस पायजे."

बाई वावराच्या बांधावर बसल्या. किती वेळ बसल्या कुणास ठाऊक. सूर्य कलला होता आणि बायका तोडायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या. मी खुदाची शपथ घेऊन सांगते, त्या क्षणी मला वाटलं की बाईंनी जीपमध्ये बसावं आणि निघून जावं. माझ्या मनात ती पांढरी साडी होती. बाई उठल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि मुकादमाला म्हणाल्या, "कुठली ओळ घेऊ?"

"तुमी नुसत्या बसल्या तरी चालते, अम्मा."

"नुसतं बसायची मला सवय नाही."

पहाटे ट्रक निघाला तेव्हा बाई डोक्याला फडकं बांधून वावरात उभ्या होत्या. बायका दाटीवाटीनं ट्रकमध्ये, मी आणि मंजुळाबाई ड्रायव्हरशेजारी. जीप बाईंसाठी ठेवली होती. बाईंनी हात वगैरे काही हलवला नाही. त्यांना ओळीतून हात काढायला फुरसत नव्हती.

चंद्रपूर मागं पडेपर्यंत सगळं ठीक झालं. जंगलाच्या नाक्यावर बांबू आडवा होता.

"मालाच्या गाडीत माणसं नेता येत नाहीत," नाक्यावरचा माणूस म्हणाला. रोज त्या रस्त्यानं माणसांनी भरलेले ट्रक जात होते. त्यानं आम्हाला खाली उतरायला लावलं, ट्रकची किल्ली काढून घेतली आणि खुर्ची टाकून बसला. ऊन चढत होतं. मतदान संध्याकाळी बंद होणार होतं आणि गाव अजून बरंच लांब होतं.

मंजुळाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "दादा, तुले वरून सांगतलं हाय का?"

तो किल्ली बोटावर फिरवत राहिला.

"तुह्या घरी कोनी पेते का?"

त्यानं मान फिरवली आणि हळू आवाजात म्हणाला, "ट्रक सोडता येत नाई मले. नागभीडची यष्टी येऊन राह्यली आता. थे अडवाचं माझ्याकडे काम नाई."

बस आली ती आधीच भरलेली. बायका रस्त्यावर आडव्या उभ्या राहिल्या. कंडक्टर ओरडत होता, जागा नाही, जागा नाही. मंजुळाबाईनं त्याला बाजूला सारलं आणि एकेकीला आत कोंबायला सुरुवात केली. कित्येक दिवस मिरचीत राहिलेल्या त्या लुगड्यांचा तिखट खाट बसमध्ये शिरला आणि अख्खी बस शिंकायला लागली. म्हातारे, लेकरं, ड्रायव्हर, सगळे. डोळे पुसत काही प्रवासी पुढच्याच फाट्यावर उतरून गेले आणि आम्हाला बसायला जागा झाली. त्या तसल्या ताणातही मला हसू फुटलं. मंजुळाबाई हसली नाही. ती खिडकीतून बाहेर सूर्याकडे बघत होती.

गावात पोचलो तेव्हा शाळेच्या फाटकाशी शिपाई साखळी घेऊन उभा होता. भट्टीपुढं गर्दी, त्या दिवशी पुरुषांना फुकट पाजणं चाललं होतं. काही नवरे आपापल्या बायकांचे हात धरून घराकडे ओढत होते. मंजुळाबाई बसमधून उतरली ती पळतच सुटली. तिच्यामागं सगळ्या. फाटक बंद होण्याआधी त्या आत शिरल्या आणि जो आत शिरला त्याला मत द्यायला मिळतं, हा नियम मंजुळाबाईला तोंडपाठ होता.

मोजणी तिथंच, शाळेच्या वर्गात झाली. मला आत जाता येत नव्हतं, मी खिडकीच्या गजांना धरून उभी होते. अधिकारी एकेक चिठ्ठी उलगडून म्हणत होते, "आडवी. आडवी. उभी. आडवी." मध्येच त्यांना शिंक यायची आणि सगळ्यांचा श्वास अडकायचा. उभीचा ढीग लहानच होता. पण प्रश्न ढिगाचा नव्हता, निम्म्याचा होता. चिठ्ठ्या संपत आल्या तरी निम्मं गाठलं नव्हतं. मंजुळाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले. मग शेवटच्या गठ्ठ्यात ते निम्मं पार झालं. पार झालं तेही हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकंच.

बायका ओरडल्या, रडल्या, कुणीतरी गुलाल आणला. मंजुळाबाई त्यात थांबली नाही. ती सरळ भट्टीकडे गेली आणि ओट्यावर पडलेल्या रोशनला दंडाला धरून उठवलं. फुकटची त्यानंही घेतली होती. विहिरीवर नेऊन तिनं त्याच्या डोक्यावर बादलीमागून बादली ओतली. ओतताना ती काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही तेच बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरून सोडवून आणलेला ट्रक गावात उभा राहिला. मला धास्ती होती की निम्म्या बायका येणारच नाहीत. मुकादम म्हणाला तेच, कुणाचं लेकरू, कुणाचा नवरा. पण सगळ्या आल्या. शेवटी मंजुळाबाई आली ती रोशनला पुढं घालून.

"हा बी येते," ती म्हणाली. "इथं भट्टी बंद झाली, बाजूच्या गावची सुरूच हाय. याले मी एकट्याले सोडत नाई आता."

आम्ही वावरात पोचलो तेव्हा बाईंना मी पटकन ओळखलं नाही. ओळीत वाकलेल्या एका बाईचं तोंड फडक्यात होतं, डोळे सुजून बारीक झालेले. मुकादम म्हणाला, "तुमची अम्मा हळू हाय. पण देठ सोडत नाई. देठ सोडला की मिरची खराब होते."

मंजुळाबाई धावत गेली. "बाई, आडवी झाली!"

बाई सरळ झाल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवला, काही बोलायला तोंड उघडलं आणि नुसतंच "बरं" म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष रोशनकडे गेलं. काळासावळा, विशीचा, खाली मान घालून उभा. आपल्यासाठी काय झालं याची त्याला पुरती कल्पना नसावी.

"हाच का?" बाईंनी विचारलं.

"हाच."

बाईंनी आपलं टोपलं त्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, "इथून पुढं तोड. देठासकट. आणि काही झालं तरी डोळ्याला हात लावू नकोस, चार दिवस आग जात नाही."

"हाव जी," तो म्हणाला आणि त्यांच्या ओळीत वाकला.

राजुऱ्याला बाईंनी जीप थांबवून एका फोनच्या दुकानातून भाऊंना फोन लावला. मी काचेतून बघत होते. त्या फारसं बोलल्या नाहीत, ऐकत होत्या. बाहेर येऊन बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल." तिकीट भट्टीवाल्याच्या भाच्याला गेलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण गेलं हे मला त्यांच्या पाठीवरूनच समजलं होतं.

वर्धा नदीचा पूल येईपर्यंत त्या ताठ बसून होत्या. मी मनात काहीतरी बरं बोलायची तयारी करत होते: की तुम्ही फार मोठं काम केलं, की गाव तुम्हाला विसरणार नाही, वगैरे. पुलावर त्या एकदम बोलल्या.

"मला आमदार व्हायचं होतं गं. फार व्हायचं होतं."

आणि रडायला लागल्या. पडद्यावर त्या रडायच्या तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. हे रडणं तसलं देखणं नव्हतं. नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि हात मिरचीनं लाल, सुजलेले, त्यांनी ते दोन्ही हात मांडीवर उताणे धरून ठेवले होते, कारण त्यांना स्वतःचे डोळे पुसता येत नव्हते.

मी सरकून बसले आणि ओढणीनं त्यांचे डोळे पुसायला लागले. त्या रडत होत्या, मी पुसत होते, आणि चंद्रपूर आलं तरी आमच्यापैकी कुणालाच थांबता आलं नाही.